समुद्रघोड्याची टाकी आणि वडशाचं ऊन

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या माणसाला 'शेड्यूल वन' म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सीटी-१ नावाचा वाघ वडसा वनक्षेत्रात बेशुद्ध करून पकडला गेला, तोवर गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा या तीन जिल्ह्यांत मिळून १३ जणांचा जीव गेला होता. एवढे बळी जाऊनही वाघाला सरळ गोळी का घालत नाहीत, याचं उत्तर याच दोन शब्दांत होतं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ची पहिली अनुसूची. वाघ तिच्यात, बिबट्या तिच्यात, आणि २०२१ पासून छत्तीसगडातून उतरून धानाच्या बांध्या तुडवणारे हत्तीही तिच्यातच.

जुलै २००१ मध्ये केंद्र सरकारने याच अनुसूचीत तळहातावर मावेल असा एक मासा आणून बसवला. समुद्रघोडा. एकटा तोच नव्हे, तर त्याच्या कुळातले सगळे मासे, म्हणजे नळीसारख्या लांब तोंडाचे पाइपफिशसुद्धा.

वडशाचा आणि समुद्राचा संबंध तसा पाण्यापुरताच. गावाजवळून वाहणारी वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते आणि आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागराला मिळते. उलट दिशेने, समुद्राकडून वडशाकडे, आजवर सुकट-बोंबील आलं आणि आता मोबाइलवरचे व्हिडिओ येतात. त्या व्हिडिओंत निळ्या उजेडात, शेपटीने गवताला विळखा घालून डुलणारा समुद्रघोडा दिसतो. मग मत्स्यटाकीची हौस असलेल्या घरात प्रश्न निघतोच: हा आपल्याकडे ठेवता येईल का? त्याला किती फुटी टाकी लागेल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कायद्याने दिलेलं आहे: नाही. तरीही दुसरा प्रश्न पाठपुरावा करण्यासारखा आहे, कारण टाकी कशी निवडावी याचा इतका स्वच्छ धडा दुसरा कुठलाच मासा देत नाही.

आपल्याकडे टाकी फुटांवर विकली जाते. दोन फुटी, अडीच फुटी, तीन फुटी. दोन फुटी म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच. हिशेब केला तर ५४ लिटर. वर हूड, त्यात ट्यूब, कोपऱ्यात एअर पंप, तळाशी रंगीत खडी आणि प्लास्टिकचं गवत. यात फुटाचं माप कायम लांबीचं असतं. गोल्डफिश, गप्पी, मोली हे आडवे पोहणारे मासे, म्हणून लांबी महत्त्वाची, आणि दुकानातली पद्धत त्यावरून पडलेली. समुद्रघोड्याचा सगळा व्यवहार उभा. त्याच्यासाठी पहिलं माप उंचीचं.

का ते त्याच्या शरीरात लिहिलेलं आहे. समुद्रघोडा मासाच आहे. कल्ले आहेत, पर आहेत, पाण्यात तोल राखणारी हवेची पिशवी आहे. पण शेपटीचा पर नाही. पाठीवरचा एक छोटा पर सेकंदाला पस्तीसेक वेळा थरथरवून तो पुढे सरकतो आणि डोक्यामागचे दोन इवले पर वापरून वळतो. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या हिप्पोकॅम्पस झोस्टेरी या बुटक्या जातीची गिनीज बुकात जगातला सर्वांत संथ मासा म्हणून नोंद आहे: तासाला साधारण दीड मीटर. एवढ्या कमी ताकदीवर समुद्रात जगायचं तर धरून राहायला हवं, म्हणून ती शेपूट. बहुतेक माशांच्या शेपट्या पाणी मागे ढकलतात, ही पकडते. तिचा आडवा छेद गोल नसून चौकोनी असतो. मायकेल पोर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये चौकोनी आणि गोल अशा दोन्ही आकारांच्या शेपटीच्या प्रतिकृती छापून त्यांच्यावर दाब देऊन पाहिला, तेव्हा चौकोनी रचना चिरडायला अवघड आणि पकडायला सरस ठरली. 'सायन्स' या नियतकालिकात ते काम प्रसिद्ध झालं.

तोंडाची गोष्ट आणखी वेगळी. समुद्रघोड्याला दात नाहीत आणि जठरही नाही. लांब नळीसारख्या तोंडाने तो भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो, चघळत नाही, साठवत नाही. खाल्लेलं छोट्या आतड्यातून भरभर पुढे जातं, म्हणून निसर्गात प्रौढ समुद्रघोडा दिवसाला ३० ते ५० वेळा खातो. एवढा संथ मासा एवढ्या चपळ भक्ष्याला गाठतो कसा, याचा छडा टेक्सास विद्यापीठातल्या ब्रॅड गेमेल यांच्या गटाने २०१३ मध्ये लावला. कोपेपॉड नावाचे झिंग्याचे सूक्ष्म नातलग पाण्यातली किंचित हालचालही ओळखून निसटतात. पण समुद्रघोड्याच्या डोक्याचा आकारच असा आहे की नळीच्या टोकापुढचं पाणी जवळजवळ हलतच नाही. स्थिर पाण्यात त्याचे दहातले नऊ हल्ले यशस्वी होतात. यातला 'स्थिर पाण्यात' हा भाग टाकी निवडणाऱ्याने लक्षात ठेवायचा.

आता टाकी. परदेशात, जिथे टाकीत जन्मलेले समुद्रघोडे रीतसर विकत मिळतात, तिथे पाळणाऱ्यांचा ठोकताळा असा: पाण्याची उंची माशाच्या ताणलेल्या लांबीच्या किमान तिप्पट, आणि काही झालं तरी ४५ सेंटिमीटरच्या वर. मध्यम आकाराच्या एका जोडीला किमान ११० लिटर पाणी. आपल्या मापात बसवायचं तर ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ६० उंच अशी टाकी. काठोकाठ १६२ लिटर, वापरात दीडशे.

उंचीमागचं पहिलं कारण प्रणय. समुद्रघोड्याची जोडी जमते ती सकाळच्या भेटींतून. दोघं जवळ येतात, अंगाचा रंग उजळतो, एकाच गवताच्या काडीला शेपटी गुंडाळून तिच्याभोवती फिरतात. हे दिवसेंदिवस चालतं. शेवटी एका सकाळी दोघंही शेपट्या सोडतात आणि समोरासमोर, पोटाला पोट लावून, सरळ वर चढू लागतात. त्या चढाईत मादी आपली अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत सोडते. पाणी उथळ असेल तर अंडी द्यायच्या आधीच दोघं पृष्ठभागाला टेकतात, आणि अंडी खाली तळाशी पडतात. पुढचं बाळंतपण नराचं: दोन ते चार आठवडे पिशवी फुगत जाते आणि मग एका रात्री काहीशे पिल्लं बाहेर उडवली जातात, प्रत्येक पिल्लू जन्मतःच पूर्ण घोडा. समुद्रात त्यांतली अर्धा टक्कासुद्धा मोठी होत नाहीत.

दुसरं कारण आजार. उथळ टाक्यांत नराच्या पिशवीत किंवा कातडीखाली वायूचे बुडबुडे साठण्याचा विकार जास्त दिसतो, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. फुगलेला नर बुडू शकत नाही, पृष्ठभागावर आडवा तरंगत राहतो आणि उपाशी मरतो. खोल पाण्याचा दाब या बाबतीत थोडा हातभार लावतो.

उंचीची किंमत काचेत मोजावी लागते. तळाशी असलेला पाण्याचा दाब टाकीत लिटर किती यावर ठरत नाही, पाणी किती उंच आहे यावर ठरतो. उंची दुप्पट झाली की तळाचा दाब दुप्पट होतो, आणि काचेच्या तेवढ्याच रुंदीवर पडणारा एकूण जोर चौपट. म्हणून दोन फुटी टाकीला जी काच चालते ती ६० सेंटिमीटर उंचीला चालत नाही. तिथे १० ते १२ मिलिमीटरची काच आणि वरच्या कडेला आडव्या पट्ट्या हव्यात. १० मिलिमीटरच्या काचेची नुसती रिकामी टाकी ३८ किलोंच्या आसपास भरते, दीडशे लिटर खारं पाणी आणखी १५४ किलो. दगड आणि स्टँड धरला तर हा बोजा दोनशे किलोंच्या पुढे जातो. तो टीव्हीच्या शोकेसवर ठेवता येत नाही.

टाकीच्या आतलं सामान नेहमीच्या हौशीच्या उलटं. खळखळता प्रवाह, कारंजं, हवेच्या बुडबुड्यांचा खजिन्याचा पेटारा यांतलं काहीच नको. पाणी फिरायला हवं, नाहीतर कुजेल, पण त्याचा झोत माशावर येता कामा नये. म्हणून पंपाचं पाणी छिद्रांच्या नळीतून रुंद पसरून सोडतात. पंपाच्या ओढत्या तोंडावर स्पंज बसवणं अनिवार्य, कारण समुद्रघोडा जिथे धरायला मिळेल तिथे शेपूट गुंडाळतो, पंपाच्या जाळीलाही. उघडा हीटर असेल तर त्यालाही मिठी मारून भाजून घेतो. धरायला उभ्या काड्या, समुद्रगवत, शाखा फुटलेले कृत्रिम प्रवाळ द्यायचे. समुद्रपुष्पं आणि डंख मारणारे प्रवाळ टाळायचे. खेकडे नकोत. चपळ मासे तर नकोतच. ते चावले नाहीत तरी जेवण पळवतात.

जेवणाचा प्रसंग जवळून पाहिला की टाकीचं सगळं गणित समजतं. पाळणारा गोठवलेल्या मायसिस झिंग्याची वडी वितळवून काचेच्या लांब पिपेटने ते एका शिंपल्यात सोडतो. समुद्रघोडा लगेच झेपावत नाही. शेपूट एका काडीला धरून ठेवून मान खाली वाकवतो. एक डोळा शिंपल्याकडे, दुसरा डोळा स्वतंत्रपणे काचेबाहेरच्या माणसाकडे. एक झिंगा नळीच्या टोकासमोर येईपर्यंत तो थांबतो, मग 'टक्' असा बारीक आवाज येतो आणि झिंगा नाहीसा झालेला असतो. पुन्हा निरीक्षण, पुन्हा टक्. वीस-पंचवीस मिनिटं हे चालतं. दिवसातून दोन-तीनदा. उरलेले तुकडे लगेच सायफनने काढले नाहीत, तर त्यांतून अमोनिया तयार होतो, आणि खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असल्यामुळे तो अमोनिया गोड्या पाण्यातल्यापेक्षा जास्त जहाल ठरतो. ज्याला जठर नाही तो अर्धंकच्चं बाहेरही टाकतो. म्हणजे दोनच मासे असूनही टाकीवर घाणीचा भार मोठा. त्यासाठी फेसातून घाण काढणारा प्रोटीन स्किमर, खाली सम्प म्हणजे पाणी गाळणारी दुसरी टाकी, आणि मासे आणण्याआधी चार ते सहा आठवडे रिकामी टाकी चालवून अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवणं, हे सगळं आलं.

ही टाकी आता वडशात आणून ठेवून बघू.

पहिली गाठ पडते ती उन्हाशी. नदीपलीकडच्या ब्रह्मपुरीचं नाव मे महिन्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत हमखास असतं. पारा ४५-४६ अंशांवर जाणं ही तिथे बातमी राहिलेली नाही. वडशाचं हवामान तेच. समुद्रघोड्याच्या टाकीचं पाणी मात्र २२ ते २४ अंशांवर ठेवायचा सल्ला दिला जातो. यात एक गंमत आहे. आपल्या किनाऱ्यावरचा हिप्पोकॅम्पस कुडा, म्हणजे पिवळा समुद्रघोडा, निसर्गात २८-२९ अंशांच्या पाण्यातही मजेत राहतो. पण समुद्रात पाणी अफाट असतं आणि जिवाणू पातळ पसरलेले. बंद टाकीत २६ अंशांच्या वर व्हिब्रिओ कुळातले जिवाणू झपाट्याने वाढतात आणि समुद्रघोड्याच्या शेपटीवर, नळीवर जखमा करतात. थंड पाणी ही माशाची गरज कमी आणि जंतूंवरचा लगाम जास्त.

कूलरच्या खोलीतही मेच्या दुपारी पाणी ३२-३३ अंशांवर सहज जाईल. तिथून ते २४ वर आणायला चिलर लागतो. चिलर म्हणजे छोटा फ्रिजच. पाण्यातली उष्णता काढून ती तो खोलीत सोडतो, म्हणजे खोली आणखी तापते आणि चिलर आणखी राबतो. एप्रिल-मे मध्ये तो जवळजवळ अखंड चालणार. आणि मान्सूनपूर्व वादळात तारांवर झाड पडून वीज गेली की तो बंद, पंप बंद, फिरतं पाणी बंद. त्याच क्षणी ऑक्सिजनचा प्रश्न उभा राहतो. तापलेल्या पाण्यात तो कमी विरघळतो, आणि त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यापेक्षा समुद्राच्या पाण्यात आणखी एक पंचमांश कमी. गोड्या पाण्यातला मरळ किंवा वागूर वर येऊन हवा गिळतो आणि रात्र काढतो. समुद्रघोड्याकडे ही सोय नाही.

दुसरी गाठ पाण्याशी. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. दीडशे लिटरला सव्वापाच किलो. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही, कारण त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि बाकीचे क्षार त्या प्रमाणात नसतात. तयार सागरी मीठ मागवायचं आणि ते आरओच्या पाण्यात कालवायचं, कारण बोअरच्या पाण्यात आधीच विरघळलेले क्षार हिशेब बिघडवतात. शिवाय उन्हाळ्यात वाफ. वाफेबरोबर पाणी जातं, मीठ मागे राहतं, आणि टाकी रोज थोडी जास्त खारट होत जाते. रोज गोडं पाणी मोजून घालावं लागतं. इथे चुकून खारं पाणी घातलं तर आठवडाभरात क्षारता धोक्याच्या पलीकडे जाते.

तिसरी गाठ जेवणाची. गोठवलेलं मायसिस उणे १८ अंशांच्या साखळीतून यावं लागतं. एकदा वितळून पुन्हा गोठलेलं मायसिस समुद्रघोड्याला आजारी पाडायला पुरेसं असतं. वडसा गोंदिया-चांदाफोर्ट लोहमार्गावर आहे, गडचिरोली जिल्ह्याला बाहेरच्या जगाशी जोडणारं रेल्वेस्थानक म्हणून ओळखलं जातं. शोभेचे गोड्या पाण्यातले मासे ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत, थर्मोकोलच्या खोक्यांत असा प्रवास करतात. कोलकाता आणि चेन्नईच्या कोलत्तूरमधून देशभर हाच माल जातो. पण बर्फात ठेवलेली झिंग्याची वडी मे महिन्यात गोंदियाला गाडी बदलून शाबूत पोहोचेल, याची खात्री कोण देणार? आर्टेमिया या सूक्ष्म झिंग्याची वाळलेली अंडी घरी खाऱ्या पाण्यात उबवता येतात, एक-दीड दिवसात जिवंत पिल्लं मिळतात. मात्र नुसत्या आर्टेमियावर प्रौढ समुद्रघोडा नीट पोसला जात नाही.

समुद्राच्या काठावर हेच सगळं किती सोपं होतं ते महाराष्ट्रातली आणि शेजारची काही नावं घेतली की दिसतं. मुंबईत मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उघडलं, ते समुद्रासमोरच. रत्नागिरीच्या झाडगावात सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत. त्याचं मत्स्यालय आणि देवमाशाच्या सांगाड्याचं संग्रहालय पाहायला कोकणात गेलेली कुटुंबं आवर्जून थांबतात. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आर. ए. श्रीपाद, सुशांत सनये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिवळ्या समुद्रघोड्यावर वर्षानुवर्षं काम केलं. हाताळताना माशाला त्रास होऊ नये म्हणून कोणतं भूलद्रव्य किती द्यावं, अशी चार द्रव्यांची तुलनाही त्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या दक्षिणेतल्या केंद्रांवर ए. पी. लिप्टन आणि एम. थंगराज यांनी याच जातीची टाकीतली वीण साधली. या सगळ्यांच्या दाराशी समुद्र आहे. घाण झालेलं पाणी सोडायचं आणि ताजं घ्यायचं, एवढी एक सोय असली की चिलरपासून मिठापर्यंतचे निम्मे प्रश्न सुटतात.

आता कायद्याकडे. समुद्रघोडा शेड्यूल वन मध्ये गेला तो हौशी टाकीवाल्यांमुळे नव्हे. चिनी पारंपरिक औषधांत वाळवलेल्या समुद्रघोड्याला मोठी मागणी आहे आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून, विशेषतः पाल्कच्या उपसागरातून, तो माल जात असे. कॅनडाच्या अमांडा व्हिन्सेंट यांनी पाण्याखाली जाऊन समुद्रघोड्यांचा अभ्यास सुरू केला, तोवर या माशाच्या व्यापाराकडे कोणाचं लक्षच नव्हतं. १९९६ मध्ये त्यांनी हेदर कोल्डेवी यांच्यासोबत 'प्रोजेक्ट सीहॉर्स' उभा केला. २००२ मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटिस करारात सगळ्या समुद्रघोड्यांचा परिशिष्ट-२ मध्ये समावेश झाला आणि मे २००४ पासून तो लागू झाला. त्या कराराने व्यापार थांबवला नाही, त्याला मोजमाप आणि परवाने लावले. भारताने त्याआधीच एक पाऊल पुढे टाकून पकडायलाच बंदी केली होती.

बंदीने सगळं साधलं असं म्हणता येत नाही. समुद्रघोडा मुद्दाम पकडला जातो त्यापेक्षा कितीतरी जास्त ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर आपोआप ओढला जातो. व्हिन्सेंट यांच्या गटाने २०१७ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार २१ देशांत मिळून दरवर्षी किमान ३ कोटी ७० लाख समुद्रघोडे असे अडकतात. जाळं कायदा वाचत नाही. ते तळ खरवडत जातं, आणि वर येईस्तोवर मासा मेलेला असतो. तन्वी वैद्यनाथन यांनी भारताच्या किनाऱ्यावर मच्छीमारांशी बोलून केलेल्या अभ्यासातही बंदीनंतर पकड आणि चोरटा व्यापार चालूच असल्याचं दिसलं. ट्रॉलरवर मर्यादा घालणं आणि किनाऱ्यालगतचे समुद्रगवताचे पट्टे मोकळे ठेवणं यावर व्हिन्सेंट यांच्या गटाचा भर आहे.

टाकी पाळणाऱ्याच्या बाजूने एक युक्तिवाद होतो. हवाईतल्या कोना इथल्या 'ओशन रायडर'सारखी शेती समुद्रातून एकही मासा न काढता टाकीत जन्मलेले समुद्रघोडे विकते. असे मासे पाळल्याने समुद्राचं काय बिघडतं? अमेरिकेत हा युक्तिवाद चालतो. भारतात अनुसूची मासा कुठे जन्मला हे विचारत नाही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे. २०२२ च्या दुरुस्तीने दंडाची किमान रक्कमही दहा हजारांवरून पंचवीस हजारांवर नेली. 'ब्रीडिंगचा माल आहे' असं सांगून कोणी पिशवी पुढे केली तरी घेणाऱ्याचा बचाव होत नाही. आणि हे गोड्या पाण्याच्या पाइपफिशलाही लागू आहे. बंगाल-आसामच्या नद्यांतला डिओकाटा पाइपफिश शोभेच्या माशांच्या व्यापारात फिरतो; तो दिसायला काडीसारखा असला तरी कुळ समुद्रघोड्याचंच.

एवढ्यावर समुद्रघोड्याची टाकी वडशापुरती निकालात निघते. पण ती निवडताना विचारलेले प्रश्न घरात मांडायच्या कुठल्याही टाकीला विचारता येतात. मासा आडवा जगतो की उभा? त्याला झोत हवा की संथ पाणी? मेमध्ये पाणी किती तापेल आणि ते त्याला सोसेल का? वीज गेली तर तो किती तास काढेल? काचेच्या गोल भांड्यातला गोल्डफिश या परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला नापास होतो. तो थंड पाण्याच्या कार्प कुळातला, वीतभर वाढणारा, समुद्रघोड्यासारखाच जठर नसलेला आणि म्हणून सतत खाऊन सतत घाण करणारा. वडशाच्या उन्हाळ्यात तीन लिटरच्या भांड्यात तो महिना काढतो तेच पुष्कळ.

या परीक्षेत उत्तम उतरतात ते इथलेच मासे. वडशापासून रेल्वेने जवळच असलेला अर्जुनी मोरगावचा भाग आणि सगळी झाडीपट्टी ही तलावांची भूमी. गोंडराजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांकडे गेले आणि आज 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणून ओळखले जातात. त्यांतल्या माशांची सर्वांत जवळून ओळख मासेमारी करणाऱ्या ढिवरांना. बाहेरून आणलेल्या रोहू-कटल्याच्या बीजावर भर वाढला, काठ बेशरम नावाच्या झुडपाने व्यापले, पाण्याखालचं गवत गेलं आणि त्याबरोबर लहान स्थानिक मासेही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी ढिवर समाजातल्या बाया-माणसांना सोबत घेऊन हे चक्र उलटं फिरवायचं काम केलं: बेशरम उपटायचं, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरायचा, आणि पाऊस पडला की हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या पाणवनस्पती लावायच्या. गवत आलं की अंडी घालायला जागा मिळते आणि मासे परततात. समुद्रघोड्यालाही गवत लागतं, फक्त अंड्यांसाठी नव्हे, तर शेपटीने धरून राहायला.

त्या तलावांतले आणि वैनगंगेच्या डोहांतले लहान मासे टाकीत ठेवले की पाहणारा थबकतो. शरीर आरपार दिसून आतला काटा मोजता येईल असा काचमासा. शेपटीजवळ काळा ठिपका असलेली तिक्तो ही बोटभर खवली, जिचा नर पावसाळ्यात लाल होतो. अंगावर लांब काळी रेघ ओढलेला रास्बोरा. वाळूत डोकं खुपसून फक्त डोळे बाहेर ठेवणारी वाम. हे सगळे उन्हाळ्यात आटत चाललेल्या डोहांत ३०-३२ अंशांना सरावलेले. त्यांना चिलर लागत नाही, मीठ लागत नाही, हवाबंद डब्यातलं अन्न हळूहळू स्वीकारतात. पकडायला मात्र स्वतः जाळं टाकू नये. तलाव मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो, त्यांच्याकडून मागून घ्यावेत. आणि कुठलाही टाकीतला मासा तलावात सोडू नये. टाकीची काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा उजनी धरणातल्या जाळ्यांत येऊ लागला, तो अशाच कोणीतरी सोडून दिलेल्या माशांमुळे.

अशा माशांसाठी टाकी तीन फुटी घ्यावी: ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ४५ उंच. दीडशे-पावणेदोनशे लिटर पाणी दुपारी लवकर तापत नाही आणि रात्री लवकर निवत नाही. नळाचं पाणी असेल तर एक दिवस उघडं ठेवून किंवा क्लोरीन मारणारं औषध घालून वापरावं. तळाशी नदीची धुतलेली वाळू, मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया, स्पंज फिल्टर, आणि उन्हाळ्यात पाण्यावरून वारा घालणारा छोटा पंखा. बारा-पंधरा लहान मासे एवढ्या पाण्यात आरामात राहतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असावा.

सुरुवातीला दिवाळीनंतरचा काळ बरा. भाऊबीजेनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम उभा राहतो, धान कापून घरात आलेला असतो आणि पाणी पंचविशीच्या खाली उतरलेलं असतं. तेव्हा टाकी भरून पहिला महिना मासे न घालता नुसतं गवत वाढू दिलं, तर जिवाणू बसतात. थंडीत ते सावकाश वाढतात, म्हणून डिसेंबरच्या मध्यापर्यंत थांबायला हरकत नाही. मग आठवड्याच्या अंतराने चार-चार मासे. मार्चपासून दर रविवारी पाचवा हिस्सा पाणी बदलायचं, आणि एप्रिलच्या पहिल्या कडक दुपारी थर्मामीटर पाण्यात सोडून दुपारी दोनला आणि रात्री दहाला आकडा लिहून ठेवायचा. दोन्हींत चार अंशांपेक्षा जास्त फरक पडत असेल, तर टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून हलवायची.